घरगुती पाण्याखालची स्कूटर: मोटर निवडण्याआधी पाईप, सील आणि बटण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. १६० मिमीचा पीव्हीसी पाईप पडून आहे, १२ व्होल्टची ३० पौंड थ्रस्टची (म्हणजे ओढीची) ट्रोलिंग मोटर, छोट्या बोटीला लावतात ती, मिळते आहे, यूपीएसमधून काढलेल्या बॅटऱ्या आहेत. यातून स्कूबासाठी, म्हणजे हवेचा सिलिंडर पाठीवर घेऊन पाण्याखाली पोहताना, ओढणारी स्कूटर बनवायची, मालवणला २० मीटरपर्यंत वापरायची, आणि वेग जास्त हवा असेल तर याहून मोठी मोटर घ्यावी का?

वेगाचं आधी सांगून टाकतो, कारण ते लवकर संपतं. पाण्यात विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी शक्ती घनाने. म्हणजे मोटरची शक्ती दुप्पट केली तर वेग जेमतेम सव्वापट होतो, बॅटरी मात्र निम्म्या वेळात संपते. बाजारातल्या बऱ्याचशा तयार स्कूटर मिनिटाला ४५ ते ५५ मीटर जातात. ३० पौंड म्हणजे साधारण साडेतेरा किलोची ओढ, पण ती जागेवर बांधून मोजलेली असते. पुढे सरकायला लागलं की कमी होते. या मोटरवर मिनिटाला ४० मीटरच्या आसपास धरा. मालवणच्या पाण्यात पाच मीटरपुढचं दिसत नाही असे दिवस भरपूर असतात. तिथे या वेगाला समोरचा खडक दिसल्यापासून तुमच्या हातात सात-आठ सेकंद राहतात. मोठी मोटर नको. लोंबकळणारा हवेचा गेज आणि पोटाखाली सुटलेला ऑक्टोपस (श्वास घ्यायची जादा नळी) नीट अडकवलात तर फुकटात वेग वाढतो.

खरा प्रश्न तीन गोष्टींचा आहे: २० मीटरला पाणी बाहेर कसं ठेवायचं, बटण सोडल्यावर मोटर नक्की कशी थांबेल, आणि यातलं काही फसलं तर तुमचं काय होईल. पहिल्या दोनांची उत्तरं तुमच्याकडे लेथवाला कोण आहे आणि किती खोल जायचं आहे यावर बदलतात. तिसऱ्याचं बदलत नाही.

पाईपपासून सुरू करू. दुकानात पाईप ‘चार किलोचा’, ‘सहा किलोचा’, ‘दहा किलोचा’ म्हणून मिळतो. सहा किलो म्हणजे ६० मीटर पाणी सहज झेलेल असा हिशेब लोक लावतात, आणि तिथेच गल्लत होते. तो आकडा आतून बाहेर ढकलणाऱ्या दाबाचा आहे. बाहेरून दाब आला की पाईप फाटत नाही, एका बाजूने आत बसतो, आणि ते जाडीच्या घनावर अवलंबून असतं. पीव्हीसीचा लवचिकता गुणांक ३ गिगापास्कल धरून लांब नळीचं सूत्र वापरलं तर १६० मिमी व्यासाला ४ मिमी जाडीचा पाईप सव्वा बारच्या (बार हे दाबाचं एकक) आसपास चेपतो, साडेपाच मिमीचा तीन बारला आणि पावणेनऊ मिमीचा तेरा-चौदा बारला. समुद्रात दर १० मीटरला एक बार वाढतो. शिवाय हे आकडे अगदी गोल, थंड आणि नव्या पाईपचे आहेत. तुमचा पाईप अंगणात पडून थोडा लांबट झालेला असणार, होडीत उन्हात तापून मऊ पडणार आणि सतत दाबाखाली हळूहळू सरकणार. म्हणून मी सूत्राच्या एक तृतीयांश खोलीच धरतो. ड्रेनेजचा पातळ पाईप चार मीटरला, सहा किलोचा दहा मीटरला आणि दहा किलोचा तुमच्या २० मीटरला पुरून उरेल. पाईपवरच्या छापावर जाऊ नका. दोन्ही टोकांना व्हर्नियर लावून चार-चार ठिकाणी जाडी मोजा आणि सर्वांत कमी आकडा धरा. होडीवर असताना त्यावर ओलं गोणपाट टाका.

टोकाच्या झाकणांवर किती भार येतो ते बघा. १६० मिमी व्यासाचं क्षेत्रफळ साधारण २०० चौरस सेंटिमीटर. २० मीटरला दोन बार, म्हणजे प्रत्येक झाकणावर ४०० किलोच्या पुढे. १५ मिमी अॅक्रिलिक किंवा १० ते १२ मिमी अॅल्युमिनियम पुरतं. अॅक्रिलिकचा फायदा असा की आत पाणी आलेलं दिसतं. ते स्पिरिटने किंवा थिनरने कधीही पुसू नका. बारीक केसासारख्या चिरा पडतात आणि दाबाखाली त्याच वाढतात. साबणाचं पाणी बस्स.

उघडणारं टोक एकच ठेवा, पुढचं. मागचं मोटरचं टोक कायमचं बंद. पीव्हीसी पाईप कधीच पुरता गोल नसतो, त्यामुळे नुसत्या पाईपच्या आतल्या अंगाला ओ-रिंग (सील करणारी रबरी गोल रिंग) लावून काम होत नाही. पाईपच्या टोकाला त्याच मापाचा कपलर सोल्युशनने बसवा, २४ तास सुकू द्या, मग लेथवर तोंड सपाट करून घ्या. ओ-रिंगची खाच झाकणात काढायची. साडेतीन मिमी जाडीच्या नायट्राइल रिंगला खाच २.७ मिमी खोल आणि ४.७ मिमी रुंद ठेवली की रिंग बावीस-तेवीस टक्के दबते आणि बाजूला पसरायलाही जागा राहते. लेथवाल्याला ‘फिनिश गुळगुळीत हवं, टूलची रेघ आडवी जाता कामा नये’ हे आवर्जून सांगा. रिंगला सिलिकॉन ग्रीसचा फक्त चकाकेल इतका हात लावायचा. जास्त ग्रीस लावलं तर गळती थांबत नाही, उलट वाळू आणि केस चिकटतात. घरगुती स्कूटरमध्ये पाणी शिरण्याचं सर्वांत नेहमीचं कारण तेच, रिंगवर आडवा पडलेला एक केस. झाकण लावण्याआधी रिंग बोटांतून पूर्ण फिरवून बघायची सवय लावा.

झाकण बोल्टने आवळू नका. खाली गेल्यावर पाण्याचा दाबच ते घट्ट बसवतो. वर फक्त जागेवर धरायला ट्रंकेला असतात तसे तीन टॉगल लॅच लावा, स्प्रिंगवाले. याचं खरं कारण बॅटरीशी आहे, ते पुढे येतं.

आता मोटर. ट्रोलिंग मोटर बोटीखाली अर्धा-पाऊण मीटर पाण्यात चालण्यासाठी बनवलेली असते. तिच्या शाफ्टवर साधे लिप सील (शाफ्टला चिकटून बसणाऱ्या रबरी ओठाचे) असतात आणि असे सील साधारणपणे अर्ध्या बारच्या आतल्या दाबासाठीच असतात. लिप बाहेर, पाण्याच्या बाजूला असेल तर जास्त दाबाला ती शाफ्टवर आणखी घट्ट बसते, म्हणून काहींची मोटर २० मीटरलाही काही दिवस कोरडी राहते. पण त्या घट्ट बसण्याने शाफ्टवर खाच पडते आणि एका मोसमात सील ढिला होतो. हीच मोटर वापरायची असेल तर दोन्ही सील नवे घाला, दोन्हीची लिप बाहेरच्या बाजूला, मध्ये वॉटरप्रूफ ग्रीस भरा, आणि खोली १० ते १२ मीटरवर थांबवा. प्रत्येक दिवसाच्या शेवटी पंखा काढून मागे बघा. आपल्या किनाऱ्यावर नायलॉनच्या जाळ्याचे तुटके धागे पाण्यात कुठेही सापडतात. धागा पंख्यामागे शाफ्टवर गुंडाळला गेला की सील कापतो, आणि वरून काहीच दिसत नाही.

खरंच २० मीटर हवे असतील तर दोन रस्ते आहेत. एक, मोटर पाईपच्या आत घ्यायची आणि शाफ्ट मागच्या प्लेटमधून बाहेर काढताना पाण्याच्या पंपाचा मेकॅनिकल सील वापरायचा. एका बाजूला कार्बनची, दुसऱ्या बाजूला सिरॅमिकची चकती असते तो. घरगुती मोनोब्लॉक पंपाचा १२ किंवा १६ मिमीचा सील मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा तुमच्या गावातल्या पंप दुरुस्तीवाल्याकडे मिळेल. पंपात जशी मांडणी असते, पाणी बाहेर आणि कोरडी बाजू आत, तशीच ती इथे असते, म्हणून तो फिट बसतो. दोन अटी आहेत. शाफ्ट ३१६ स्टेनलेसचा आणि अगदी सरळ हवा. ३०४ खाऱ्या पाण्यात सीलखालीच खड्डे धरतो. आणि हवेत मोटर चालवून दाखवायची हौस टाळायची. या सीलच्या चकत्यांना पाण्याचंच वंगण लागतं, कोरड्या फिरल्या की त्या घासून जातात.

दुसरा रस्ता, जो मी आज नवीन बनवणाऱ्याला आधी सुचवतो: पाण्यातच उघडी चालणारी ब्रशलेस मोटर, म्हणजे जिच्यात कार्बनचे ब्रश नसतात ती. हिच्या तारांच्या गुंडाळीवर इपॉक्सीचा लेप असतो, बेअरिंगच्या जागी प्लास्टिकचे बुश असतात, आणि पाणी सरळ आतून वाहतं. फिरता सील उरतच नाही. पाण्याखालच्या रोबोटसाठी अशा मोटरी तयार मिळतात. ब्लू रोबोटिक्सची टी-२०० ही १६ व्होल्टला पाच किलोच्या थोडी वर ओढ देते, म्हणजे दोन लावल्या की तुमचं काम होतं. आत फक्त तारा जातात. पण तारांचीही एक खोड आहे: पाणी तारेच्या प्लास्टिक वेष्टणाच्या आतून, बारीक तारांच्या मधून केशाकर्षणाने चढत पाईपच्या आत येतं. म्हणून जिथे तार प्लेटमधून जाते तिथे मधलं वेष्टण सेंटिमीटरभर सोलायचं, उघड्या तारांत सोल्डर पूर्ण मुरवायचं, आणि तो भाग इपॉक्सीत गाडायचा. दुकानातला प्लास्टिक ग्लँड (तारेभोवती आवळायचं बूच) वर जोडीला लावा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

ब्रशलेस सुचवण्याचं मोठं कारण मात्र सील नाही, बटण आहे. ब्रशच्या मोटरला (तुमची ट्रोलिंग मोटर याच जातीची) बॅटरी जोडली की ती फिरते. तिचा रिले (विजेने चालणारा स्विच) चिकटला किंवा मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) जळून आरपार शॉर्ट झाला (आणि मॉसफेट बहुतेकदा शॉर्ट होऊनच मरतो) तर मोटर पूर्ण वेगात चालूच राहते. तुम्ही बटण सोडलेलं असतं आणि यंत्र तुम्हाला ओढत असतं. ब्रशलेस मोटरला फिरायला तीन फेज क्रमाने मिळाव्या लागतात. तिच्या कंट्रोलरमधला एखादा मॉसफेट शॉर्ट झाला तर ती झटका देऊन अडकते आणि फ्यूज उडतो. बिघाड थांबण्याच्या बाजूला होतो. कंट्रोलर घेताना एक गोष्ट तपासा: सिग्नलची तार उपटली की मोटर शून्यावर येते का. टेबलावर पाण्याची बादली ठेवून हे करून बघता येतं.

ब्रशचीच मोटर वापरणार असाल तर हे असं जोडा. हँडलवर चुंबक, पाईपच्या आत त्यासमोर रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा). भोक पाडायची गरज नाही. रीड स्विचमधून मोटरचा करंट कधीही नेऊ नका. ३० अँपिअर सोडा, दोन-तीन अँपिअरलाही त्याचे पॉइंट चिकटतात. त्याने फक्त मोटारगाडीतल्या ४० अँपिअर रिलेची कॉइल चालवायची आणि कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड लावायचा, नाहीतर कॉइलच्या ठिणगीनेच रीड स्विच चिकटेल. मोटरच्या दोन टोकांवरही मोठा शॉट्की डायोड उलटा लावा. मग एकापाठोपाठ दोन रिले, प्रत्येकाला आपला वेगळा रीड स्विच. एक चिकटला तरी दुसरा तोडतो. तारा ६ चौरस मिमी तांब्याच्या, आणि ४० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलजवळ, तारेच्या दुसऱ्या टोकाला नव्हे. बटण असं हवं की हात सोडला की ते आपोआप बंद व्हावं. ‘ऑन’ करून ठेवता येणारं बटण कुठल्याही कारणासाठी लावू नका.

बॅटरीबद्दल माझं मत तुम्हाला कदाचित जुनाट वाटेल. यूपीएसच्या १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरच्या तीन बॅटऱ्या लांबीला एकापुढे एक ठेवल्या की १४२ मिमीच्या आतल्या व्यासात बसतात, आणि तिन्हींचं वजन सात किलोच्या आसपास भरतं. ६० सेंमी लांबीचा पाईप १२ लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे समुद्रात १२.३ किलो. हे सगळं वजन कुठून तरी आणायचंच आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सेल घेतल्या तर बॅटरी तीन किलोच्या आत येते आणि उरलेलं शिसं भरून तुम्ही तेवढंच वजन वागवता. लिथियमचा फायदा तेव्हाच, जेव्हा पाईप कापून ४५ सेंमीवर आणाल. मग बाजूला सारलेलं पाणी नऊ लिटर, आणि स्कूटर खरोखरच हलकी. वेळेचा हिशेब असा: लेड अॅसिडवरचा अँपिअर-अवरचा आकडा २० तासांत हळू वापरण्याचा असतो. तीन बॅटऱ्यांतून २५ अँपिअर ओढले तर साठवलेल्यातलं साठ टक्केच्या आसपास हातात येतं, म्हणजे अर्धा तास. तेवढ्याच क्षमतेची लिथियम बॅटरी पन्नास मिनिटांच्या घरात जाते. जुन्या यूपीएसमधून काढलेल्या बॅटऱ्या मात्र यातलं काहीच देणार नाहीत; नव्या घ्या.

आणि आता लॅचचं कारण. लेड अॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, पार उतरल्यावरही सोडू शकते. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की तो एका ठिणगीने पेटतो, आणि तुमच्या पाईपमध्ये ठिणगी पाडणारा रिले बसलेला आहे. चार्जिंग नेहमी बॅटरी पाईपबाहेर काढून. डाइव्ह झाली की झाकण उघडून ठेवायचं, रात्रभर बंद नाही. आत खारं पाणी शिरलं तर प्रकार आणखी वाईट: १२ व्होल्टवर त्या पाण्यातून हायड्रोजन आणि क्लोरीन दोन्ही सुटतात आणि पाईपमध्ये दाब चढतो. आतून दोन दशांश बार दाब आला तरी झाकणावर ४० किलोचा रेटा येतो. स्प्रिंगचे लॅच तेवढ्याला झाकण उचलू देतात, बोल्ट देत नाहीत. पाणी गेलेली स्कूटर उघड्यावर, झाकणाचं तोंड माणसांपासून लांब करून उघडा.

वजन जुळवण्याचं काम विहिरीत किंवा टाकीत करा, पण फरक लक्षात ठेवा. गोड्या पाण्यात नेमकी तरंगणारी १२ लिटरची स्कूटर समुद्रात ३०० ग्रॅमने हलकी होते. मी समुद्रात किंचित हलकी ठेवतो, साधारण १०० ग्रॅम, म्हणजे हातातून सुटली तर हळू वर जाते. नाक खाली किंवा वर झुकत असेल तर बॅटरी पुढेमागे सरकवून जुळवा, शिसं शेवटी. पंख्याभोवती नळी हवीच, पंख्याच्या टोकापासून पाच ते दहा मिमी अंतरावर, आणि पुढूनही जाळी. केस, होज आणि बोटं तिघांसाठी.

ओढ हातांनी घ्यायची नाही. दहा मिनिटांत खांदे भरून येतात. कमरेला पट्टा आणि दोन पायांमधून क्रॉच स्ट्रॅप, त्याच्या डी-रिंगला दोरी, दोरी स्कूटरला. लांबी अशी की कोपर थोडा वाकलेला राहील आणि पंख्याचा झोत पोटाखालून जाईल. छातीवर आपटला तर निम्मी ओढ वाया. भाड्याच्या बीसीडीला (हवा भरून तरंगायच्या जॅकेटला) क्रॉच स्ट्रॅप बहुतेक नसतो, तो वेगळा शिवून घ्या. दोरीचा हुक एका हाताने, हातमोज्यातही सुटला पाहिजे. पाणी शिरलं की स्कूटर एकदम पाच-सहा किलोने जड होते. तेव्हा ती सोडून द्यायची. बीसीडी फुगवून तिला वर आणायला जाऊ नका.

पाण्यात नेण्याआधी दोन चाचण्या. पहिली कोरड्यात: झाकणाला नळी जोडायचं छोटं नोझल लावून हातपंपाने अर्धा बार हवा ओढून घ्या आणि अर्धा तास गेज बघा. सावलीत करा, ऊन आलं की आतली हवा तापून आकडा हलतो. दुसरी रिकाम्या पाईपची: आत बॅटरी नाही, मोटरची जोडणी नाही, फक्त टिश्यू पेपर; बाहेरून १५ किलोचं वजन बांधून दोरीने (२० मीटरसाठी बनवलेला दहा किलोचा पाईप असेल तर) ३० मीटरला सोडा, वीस मिनिटं ठेवा. टिश्यू कोरडा निघाला तरच पुढे. प्रत्यक्ष वापरताना आत तळाशी दोन उघड्या तारा आणि बझर ठेवा; थेंबभर पाणी आलं तरी वाजतो आणि पाण्याखाली नीट ऐकू येतो.

शेवटी डाइव्हचा हिशेब, कारण स्कूटर तुम्हाला इतकं लांब नेते जिथून पोहत परतायला हवा पुरेलच असं नाही. दहा मिनिटं मिनिटाला ४० मीटरने गेलात की ४०० मीटर. बॅटरी गेली तर मिनिटाला १८ मीटरने पोहत परतायला बावीस-तेवीस मिनिटं, प्रवाह नसेल तर. १५ मीटरला अडीच पट दाब, पृष्ठभागावर मिनिटाला १८ लिटर हवा लागत असेल तर तिथे मिनिटाला ४५ लिटर, म्हणजे परतीला हजार लिटर. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये हे ९० बार होतात, शिवाय ५० बार राखीव. म्हणून इतकं लांब जायचं तर १४० बार असतानाच वळायचं, आणि जाताना प्रवाहाच्या विरुद्ध जायचं. वर येताना बटणाला हात नको: मिनिटाला नऊ मीटर ही वर येण्याची मर्यादा, स्कूटर त्याच्या चौपट वेगाने नेते. नाक किंचित वर झालं तरी कमी दृश्यतेत कळत नाही, म्हणून डेप्थ गेज स्कूटरच्याच पाठीवर, डोळ्यांसमोर बसवा.

मालवणचा किल्ल्याभोवतीचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्यात येतो. तिथे स्वतः बनवलेलं यंत्र उतरवण्याआधी वनखात्याकडे आणि ज्यांच्या होडीवरून जाणार त्या सेंटरकडे विचारून घ्या. परवानगी मिळाली तरी पहिल्या काही डाइव्ह वाळूच्या तळावर, पाच-सहा मीटरला करा.

तुम्ही पाईपची किमान जाडी आणि जवळपास लेथ आहे का ते कळवा, आणि मोटरच्या शाफ्टचा पंखा काढून घेतलेला फोटो टाका. सील बदलता येण्यासारखे आहेत की नाही ते त्यावरून सांगता येईल, आणि मग १२ मीटरवर थांबायचं की ब्रशलेसकडे जायचं ते ठरवू.